उणे साडेआठ

ग्रंथसंग्रहालयाच्या तळघरात एक बाई जुन्या कागदाला नाक लावून बसते, अशी तिची ख्याती होती; आणि ख्यातीच्या बाबतीत क्वचितच घडते तसे, ते अक्षरशः खरे होते. कागद आणि नाक यांच्यात जेमतेम अर्धी वीत अंतर राही. चष्मा वर सरकवून केसांत खोचलेला, डाव्या हाताच्या दोन बोटांखाली पान, उजव्या हातात चिमटा आणि चिमट्याच्या टोकाला डाळीच्या टरफलाएवढा कागदाचा तुकडा, अशी ती तासन्‌तास बसे. संस्थेत तिला भिंगबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी वरच्या मजल्यावरच्या विद्वानांनाही तिचे खरे नाव आठवेनासे झाले. गंमत अशी की भिंग तेवढे ती वापरत नसे. या व्यवसायातले बाकीचे लोक दिव्याला जोडलेली, कपाळाला बांधायची, डोळ्यात धरायची नाना प्रकारची भिंगे घेऊन बसतात. ही नुसत्या डोळ्यांनी कागदाचा तंतू अन्‌ तंतू वेगळा करी, आणि इतरांच्या भिंगांकडे पाहून किंचित नाक मुरडी.

ही नजर आपण कमावलेली आहे, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाविसाव्या वर्षी ती ज्या वृद्ध बाइंडरकडे काम शिकली, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा सिद्धान्त असा होता की हात तयार व्हायला सहा महिने लागतात आणि नजर तयार व्हायला सहा वर्षे. या मुलीची नजर आठवड्यात तयार झाली. असे का झाले, हा प्रश्न दोघांपैकी कोणालाही पडला नाही. मास्तरांना वाटले, शिष्या असामान्य आहे. शिष्येलाही तसेच वाटले. या मुद्द्यावर गुरुशिष्यांत कधीच मतभेद झाला नाही, आणि ज्या मुद्द्यावर दोन जाणकारांचे इतक्या सुखाने एकमत होते, तो मुद्दा सहसा तपासलेला नसतो.

तळघराबाहेर मात्र हीच बाई केविलवाणी होती. उणे साडेआठ हा आकडा ज्यांनी स्वतःच्या नाकावर वागवला नाही, त्यांना तो समजावून सांगण्यात अर्थ नाही. सकाळी उठल्यावर जग नसे. चष्म्याकडे हात गेला की जग येई. आंघोळ करताना साबण कोणता आणि बादलीची कड कोणती, हे तिला चाचपून ठरवावे लागे. आरशातला स्वतःचा उघडा चेहरा, काच नाकाला टेकवून पाहिलेला एखादा गाल सोडला, तर तिने कधी पाहिलाच नव्हता. गेल्या महिन्यात बसमधून उतरताना कोणाचा तरी कोपर लागला, चष्मा उडाला, आणि चव्वेचाळीस वर्षांची, आपल्या क्षेत्रात मान असलेली ही बाई पदपथाच्या कडेला गुडघ्यांवर बसून फरश्या चाचपत राहिली. लोक तिला वळसा घालून गेले. एका गृहस्थाने चष्मा शोधून तिच्या हातात दिला आणि लहान मुलाशी बोलावे तसे तो म्हणाला, “जपून हं, आजी.” चष्मा वाचला, एका बाजूची काडी तेवढी वाकली. “आजी” हा शब्द तिने घरी येऊन धाकट्या बहिणीला दोनदा सांगितला.

धाकटी बहीण लेझरने नंबर घालवणाऱ्या केंद्रात समुपदेशक होती. येणाऱ्या माणसाची भीती घालवणे, त्याला तपासण्यांच्या रांगेत उभे करणे आणि शेवटी “तुम्ही योग्य उमेदवार आहात” हे वाक्य निवडणूक जिंकल्यासारखे सांगणे, हे तिचे काम. ती ते मनापासून करी. लहानपणी चष्मा हरवलेल्या ताईचा हात धरून तिला शाळेतून घरी आणणारी तीच होती. वयाने सात वर्षांनी लहान असून अर्धा जन्म ती ताईची वाटाड्या झालेली होती. केंद्रात नोकरीला असलेल्यांना घरच्या एका माणसाचे ऑपरेशन फुकट करून घेता येई. नवऱ्याचे डोळे उत्तम. मग त्या एका माणसाच्या जागी कोणाला बसवायचे, हे तिने नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरवून टाकले होते.

“ताई, आता पुरे झालं,” ती म्हणाली. “उद्या जिन्यावरून पडशील आणि मला हॉस्पिटलात डबे आणायला लावशील.”

“डबे तू आणणार? तुला भात तरी करता येतो का धड?”

“म्हणून तर म्हणतेय, पडू नकोस. ऑपरेशन करून टाक.”

केंद्राच्या भिंतींवर चष्मा भिरकावून देणाऱ्या माणसांची चित्रे होती. ही माणसे नेहमी समुद्राकडे तोंड करून का उभी असतात, आणि जवळचे काही पाहायची वेळ त्यांच्यावर कधीच कशी येत नाही, याचा विचार भिंगबाईने त्या दिवशी केला नाही. तिला चित्रातल्या बाईचा हेवा वाटला, इतकेच.

न्यायाने सांगायचे तर केंद्र लबाड नव्हते. येईल त्याच्या डोळ्यांवर किरण सोडणारा तो कारखाना नव्हता. प्रतीक्षागृहात तासभर बसले तरी ध्यानात येई की नाकारले जाणारेही पुष्कळ आहेत. एका तरुणाला गणवेशाच्या नोकरीसाठी नंबर घालवायचा होता. त्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला कॉर्निया म्हणतात, तो शंकूसारखा पुढे येऊ लागला होता. लेझर त्याच पडद्याचा थर तासतो, त्यामुळे आधीच दुबळा असलेला पडदा आणखी दुबळा करणे म्हणजे डोळ्याचा घात. त्याची आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, “लहानपणापासून ओरडतेय, डोळे चोळू नकोस, डोळे चोळू नकोस! आता घे!” अंगावर पाजणाऱ्या एका बाईला, बाळाचे दूध सुटल्यावर नंबर स्थिर झाला की या, म्हणून परत पाठवले. एकाचा नंबर वर्षभरात वाढला होता. त्याला थांबायला सांगितले. एकीचे डोळे इतके कोरडे होते की पापणीत ठेवलेली कागदाची पट्टी भिजेचना. प्रत्येक नकार कारणासहित आणि नम्रपणे दिला जात होता. हे सगळे पाहून भिंगबाईचा विश्वास दुणावला, आणि तो विश्वास अस्थानी होता असेही म्हणता येत नाही. जे मोजायचे ते तिथे डोळ्यात तेल घालून मोजले जात होते. जे मोजले जात नव्हते, ते कोणत्याच यंत्रावर दिसण्याजोगे नव्हते.

तिचा पडदा जाड निघाला. त्याचा नकाशा सुबक निघाला. नंबर बारा वर्षे हललेला नव्हता, अश्रू भरपूर होते. यंत्रावर काम करणाऱ्या मुलीने तर कौतुकाने मान डोलावली. डॉक्टर शांत, मोजके बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी विचारले, “जवळचं वाचायला काही त्रास?”

“मला?” भिंगबाई हसली. “जवळचं मला दिसतं तेवढं या इमारतीत कोणाला दिसत नसेल, डॉक्टर.”

“उत्तम. पण चाळिशी उलटलीय, तेव्हा ऑपरेशननंतर जवळच्या कामाला साधा चष्मा लागेल. तो सगळ्यांनाच लागतो.” मग त्यांनी विचारले, “काम काय करता?”

“ताई लायब्ररीत आहे,” धाकटी कौतुकाने म्हणाली.

“म्हणजे वाचन.”

“हो, दिवसभर पुस्तकांतच असते ती.”

भिंगबाईने दुरुस्ती केली नाही. आपले काम परक्या माणसाला समजावून सांगण्याचा तिला कंटाळा होता. शिवाय “सगळ्यांनाच लागतो” हे शब्द तिने ऐकले खरे, पण सगळ्यांत आपली गणना तिने मास्तरांकडच्या पहिल्याच आठवड्यानंतर सोडून दिलेली होती. चष्मा नजर नसलेल्यांना लागतो. आपली नजर तयार आहे. अशा रीतीने तीन शहाणी माणसे एका टेबलाभोवती बसली, प्रत्येकाकडे सत्याचा एक एक तुकडा होता, आणि तो दुसऱ्याच्या तुकड्याशेजारी ठेवून पाहण्याची गरज कोणालाच वाटली नाही. पंधरवड्यानंतरची तारीख ठरली. धाकटीने ताईचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, “तुम्ही योग्य उमेदवार आहात, मॅडम.”

त्या वेळी तळघरात वनस्पतींच्या चित्रांचा एक जुना संग्रह दुरुस्तीला आलेला होता. हाताने रंगवलेल्या त्या पानांवरचा हिरवा रंग तांब्यापासून केलेला होता, आणि तांब्याचा हिरवा रंग वर्षानुवर्षे कागद खात राहतो. फुले शाबूत, देठ शाबूत, आणि जिथे जिथे पाने रंगवली तिथे तिथे कागद करपून पानांच्याच आकाराची भोके पडलेली. चित्रकाराने ज्यात सर्वांत जास्त जीव ओतला, तेवढेच नेमके गळून पडलेले होते. गळालेले कपचे एका पाकिटात जपलेले होते. एकेक कपचा उचलायचा, त्याच्या शिरा पाहून तो कोणत्या पानाचा हे ओळखायचे आणि मागून पातळ कागदाचा आधार देऊन, जवळजवळ कोरड्या खळीने तो जागच्या जागी बसवायचा, असे काम होते. ऑपरेशनानंतर काही आठवडे धुळीपासून लांब राहायचे असल्यामुळे ती ते झपाट्याने उरकत होती.

प्रत्येक दुरुस्त पानाचे छायाचित्र घ्यायला संस्थेचा छायाचित्रकार खाली येई. पन्नाशीचा, तोंडाळ माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याने त्याच केंद्रात नंबर घालवून घेतला होता, आणि तेव्हापासून तो त्या केंद्राचा बिनपगारी प्रचारक होता.

“सकाळी उठतो आणि भिंतीवरचं घड्याळ बघतो,” तो डबा उघडता उघडता म्हणाला. “नुसतं बघत पडतो! बायको म्हणते, माझ्याकडे कधी एवढ्या प्रेमानं बघितलं नाहीत.” मग खिशातून एक छोटा चष्मा काढून त्याने नाकावर चढवला आणि डब्यात वाकून पाहिले.

“हे काय?” भिंगबाई म्हणाली. “घड्याळ दिसतं आणि भाजी दिसत नाही?”

“भाजी न दिसलेलीच बरी असते. पण हो, जवळचं नाही दिसत. तुम्हालाही लागेल हा.”

“मला नाही लागायचा. माझी नजर तयार आहे.”

त्याने घास खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा जरा मागे सरली. “भिंगबाई, रागावू नका. आत्ता तुमचा चष्मा कुठे आहे?”

“कुठे म्हणजे? डोक्यावर.”

“तो डोक्यावर असतो तेव्हाच तुम्ही काम करता. ऑपरेशन म्हणजे दुसरं काय आहे? हाच चष्मा डोळ्यावर कायमचा बसवून देणार. मग तो केसांत नाही खोचता येणार.”

“मी चष्मा वर सरकवते ती सवय आहे. मास्तर पण सरकवायचे.”

“मग आज नका सरकवू. नाकावर घ्या आणि तो कपचा बसवून दाखवा.”

“आणि बसवला तर?”

“तर उद्यापासून मी तुम्हाला नावानं हाक मारीन.”

“नाव माहीत आहे का तुम्हाला माझं?”

“शोधून काढीन. ऑफिसात असेल कुठेतरी.”

तिने चष्मा नाकावर ओढला आणि वाकली. अर्ध्या वितीवर धुके होते. आयुष्यभर ज्या अंतरावर तिचे खरे घर होते, तिथे काहीही नव्हते. तिने मान मागे घेतली, आणखी मागे घेतली. हातभर अंतरावर गेल्यावर पान एकदम स्वच्छ, नेटके आणि परके होऊन समोर आले. शिरा नव्हत्या, तंतू नव्हते. दुकानात टांगलेले असते तसे एक चित्र होते. कपचा म्हणजे एक ठिपका. पण हात तयार होते आणि मागे हटायची तिची जात नव्हती. तिने भोक पाहिले, ठिपका पाहिला, खळ लावली, कपचा ठेवला, हाडाच्या पट्टीने हलकेच दाबला आणि म्हणाली, “झालं.”

छायाचित्रकाराने छायाचित्र घेऊन पडद्यावर मोठे केले. कपचा भोकात नीट बसला होता आणि उलट्या तोंडाने बसला होता. पानाच्या सगळ्या शिरा टोकाकडे धावत होत्या. त्या तुकड्याची रंगवलेल्या बाजूऐवजी करपलेली पाठ वर आलेली होती, आणि तिच्यावर पाझरून उमटलेल्या शिरा तेवढ्या आडव्या गेल्या होत्या. शिकाऊ माणसानेही असे केले असते तर तिने त्याला त्या दिवशी घरी पाठवले असते. छायाचित्रकार हसला नाही. तो हसला असता तर तिला बरे वाटले असते.

“दिव्याचा उजेड कमी पडला,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला, आणि डब्याचे झाकण लावू लागला.

तो गेल्यावर ती बराच वेळ चष्मा खाली घेत आणि वर सारत बसली. खाली: धुके. वर: तंतू. इतका सोपा प्रयोग तिने बावीस वर्षांत एकदाही केला नव्हता, कारण प्रयोग संशय असलेल्या गोष्टीचा करतात, आणि स्वतःच्या थोरवीचा संशय कोणाला येतो? तिची नजर मास्तरांनी दिलेली नव्हती, कष्टाने आलेली नव्हती, तपश्चर्येचे फळ वगैरे तर मुळीच नव्हती. तिचा डोळा लांबट होता. लांबट डोळ्याला दूरचे दिसत नाही आणि अगदी जवळचे, भिंगातून दिसावे तसे, फुकट दिसते. ज्या व्यंगापायी ती पदपथावर गुडघ्यांवर आली होती, त्याच व्यंगावर तिची कीर्ती उभी होती; आणि येत्या गुरुवारी दोन्ही एकदम, अत्यंत काटेकोरपणे, घालवली जाणार होती.

मग तिला तिच्या हाताखाली शिकायला आलेल्या मुली आठवल्या. चांगल्या डोळ्यांच्या, हुशार हातांच्या. त्यांतल्या एकीची बोटे तर तिच्याहून हलकी होती. भिंग मागितले म्हणून तिने त्या मुलीला सुनावले होते की आधी नजर कमव, मग हत्यारे माग. मुलगी महिनाभर कागदाला नाक लावून बसली, डोकेदुखीने हैराण झाली आणि सोडून गेली. आज ती कुठल्याशा कार्यालयात पत्ते चिकटवते, असे कानावर होते. संस्थेच्या अहवालात तिच्याबद्दल “चिकाटीचा अभाव” असे शब्द आहेत. ते भिंगबाईचेच.

दुसऱ्या दिवशी ती धाकटीकडे गेली. धाकटी वाळलेले कपडे पलंगावर टाकून घड्या घालत होती. सगळे ऐकून घेईपर्यंत तिने एकाच टॉवेलची घडी तीनदा घातली आणि तीनदा मोडली.

“म्हणजे तू येणार नाहीस.”

“मी असं म्हटलं नाही. मी म्हणतेय, माझं काम जाईल.”

“काही जात नाही. भिंग लाव! जगातले सगळे लावतात, तूच सांगतेस ना?”

“भिंगातून एक रुपयाएवढं दिसतं, अगं. मान हलली की गेलं. मला अख्खं पान दिसतं.”

“मग अख्खं पान बघायला जन्मभर आंधळी राहणार तू? परवा रस्त्यावर रांगत होतीस! तेव्हा कोण आलं होतं, तुझी ती हिरवी पानं?”

“तू मला एकदा तरी विचारलंस का, मी काम कसं करते?”

“मी?” धाकटीने टॉवेल आपटला. “डॉक्टरांनी समोर बसून विचारलं, जवळचं कसं दिसतं. तू काय म्हणालीस? या इमारतीत कोणाला दिसत नसेल! ऐट कोणाची होती ती? माझी?”

भिंगबाईने एक मोजा उचलला आणि त्याचा जोडीदार शोधू लागली.

“सगळ्यांना सांगून बसलेय मी,” धाकटी खालच्या आवाजात म्हणाली. “माझी ताई येणार म्हणून. लहानपणी तुला हाताला धरून आणायचे ना, तेव्हा मुली हसायच्या. तुला दिसायच्या नाहीत. मला दिसायच्या.”

हे भिंगबाईला ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत आपण काय काय पाहिले नाही, याची मोजदाद उणे साडेआठच्या खात्यात कुठेच झालेली नव्हती. क्षणभर तिला वाटले, जावे गुरुवारी, करून घ्यावे. निदान एका माणसाचे तरी समाधान होईल.

पण हो म्हणण्याआधी काय राहील आणि काय जाईल हे विचारून घ्यायला ती तिथून उठून सरळ डॉक्टरांकडे गेली. या वेळी तिने सोबत चिमटा आणि एक जुना, निरुपयोगी कपचा नेला. चष्मा केसांत खोचून, अर्ध्या वितीवर धरून तिने त्यांना दाखवले की ती कशी पाहते. डॉक्टरांनी पुढे वाकून पाहिले, मग खुर्चीला पाठ टेकली.

“हे राहील का?” तिने विचारले.

“नाही,” ते म्हणाले. “एवढ्या जवळचं अजिबात राहणार नाही. चष्म्यातून दिसतं त्याहूनही जवळचं थोडं कमीच दिसेल. हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं, ही माझी विद्या आहे.”

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांच्या नावे जमा करायला हवे. त्यांनी पर्याय सांगितले. थोडा नंबर मुद्दाम शिल्लक ठेवता येईल. मग पुस्तक उघड्या डोळ्यांनी वाचता येईल, पण तंतू दिसणार नाहीत आणि रस्त्यावर चष्मा लागेलच. म्हणजे दोन्हीकडचे अर्धे जाईल. किंवा पूर्ण नंबर घालवायचा आणि काम भिंगाने करायचे. पुष्कळ लोक करतात, सवयीने जमते. “निर्णय तुमचा,” ते म्हणाले. “वैद्यकीयदृष्ट्या तुम्ही योग्य आहात. इतका चांगला पडदा आमच्याकडे रोज येत नाही.”

“पडद्याचं काय करायचं मी? तो कोणाला दाखवू?”

“तेही खरं आहे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिले, कारण बाहेर सात माणसे बसलेली होती. कोण योग्य, हे ठरवण्याचे त्यांचे शास्त्र अचूक होते. कशासाठी योग्य, हा प्रश्न त्या शास्त्राच्या हद्दीबाहेर पडत होता, आणि हद्दीबाहेर पडलेल्या प्रश्नांना कुठल्याच संस्थेत खुर्ची नसते. तिने चिमटा पिशवीत ठेवला आणि सांगितले, “गुरुवारी दुसऱ्या कोणाला घ्या.” ती उतरताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडखळली, वाकल्या काडीचा चष्मा नाकावरून घसरला, आणि कोणी पाहिले नाही ना म्हणून तिने इकडे तिकडे पाहिले. तिच्यापुरते तरी कोणी नव्हते.

गुरुवारी ती तळघरात होती. उलटा बसवलेला कपचा तिने तोवर मुद्दाम तसाच ठेवला होता. फुंकरीएवढा ओलावा देऊन, खळ मऊ होण्याची वाट पाहून, चिमट्याच्या टोकाने ती तो केसाकेसाने सोडवत होती. शेजारच्या मेजावर संस्थेच्या कोठारातून आणवलेले, दिव्याला जोडायचे एक मोठे भिंग खोक्यातच पडलेले होते. हलक्या बोटांच्या त्या मुलीला तिने सकाळीच निरोप धाडला होता आणि उत्तर अजून आलेले नव्हते, कदाचित येणारही नव्हते.

दार उघडले. धाकटी होती. ऑपरेशनासाठी काढलेली रजा तिने रद्द केलेली नव्हती. बहिणीच्या कामाच्या जागी ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि चेहऱ्यावर रुसवा तसाच ठेवून ती खोलीभर पाहत होती.

“खिडकी नाही इथे?”

“ऊन कागदाला चालत नाही.”

“माणसांना चालतं की.” तिने स्टूल ओढले आणि अगदी जवळ येऊन बसली. ताईचा चष्मा केसांत होता, मान वाकलेली होती आणि हात इतका स्थिर होता की धाकटी बोलायचे विसरली. कपचा सुटला. भिंगबाईने तो उलटवला, शिरांशी शिरा जुळवल्या आणि बसवला.

“झालं?” धाकटीने विचारले.

“कड राहिलीय. एक तंतू बाहेर आलाय, तो आत घ्यायचाय.”

“कुठे?”

“हा काय. टोकाशी.”

धाकटी वाकली. मग आणखी वाकली, ताईसारखेच नाक कागदाला लागेपर्यंत वाकली, डोळे बारीक केले, मोठे केले.

“मला नाही दिसत, ताई.”

“नाही दिसायचा,” भिंगबाई चिमटा न हलवता म्हणाली. “तुझे डोळे चांगले आहेत.”